दात कोणाचे?

इंग्रजीच्या वहीत 'माय डेली रूटीन' हा निबंध प्रत्येकाला एकदा तरी लिहावा लागतो. मी सहाला उठतो, दात घासतो, तोंड धुतो, डबा भरतो, शाळेत जातो. मनात मराठी वाक्य तयारच असते, मूल ते इंग्रजीत उतरवते : 'आय ब्रश टीथ'. मग बाई लाल शाईने दोन शब्दांच्या मध्ये हंसपद काढतात आणि वर लिहितात 'माय'. पुढच्या ओळीत तोंडाच्या आधी 'माय', त्याच्या पुढच्या ओळीत डब्याच्या आधी 'माय'. पान संपेपर्यंत लाल 'माय'ची रांग लागलेली असते. मुलाच्या मनात प्रश्न येतो, पण तो बहुधा विचारला जात नाही : सकाळी उठून माणूस स्वतःचेच दात घासणार ना? दुसऱ्या कोणाचे घासणार?

प्रश्न रास्त आहे आणि बाईंनी घातलेला 'माय'ही रास्त आहे. नुसते 'आय ब्रश टीथ' म्हटले की दात घासणे हा या मुलाचा धंदा आहे, असे इंग्रजी कानाला वाटते. इंग्रजीत नामाच्या आधी एक जागा असते आणि ती सहसा रिकामी ठेवता येत नाही. तिथे 'ए' तरी बसेल, 'द' तरी, 'धिस' तरी, नाहीतर 'माय', 'युअर', 'हिज', 'हर' यांपैकी कोणीतरी. अवयव, कपडे, नातेवाईक, रोजचे जेवणखाण यांच्या आधी त्या जागेवर बहुतेक वेळा स्वामित्वदर्शकच येऊन बसते. बोलणाऱ्याला मालकी सांगायची हौस असते म्हणून नव्हे, जागा भरायची असते म्हणून.

मराठीतली सकाळ यातले काही न म्हणता पार पडते. हात धुतले, केस विंचरले, चपला घातल्या, किल्ली घेतली, बाहेर पडलो. यात एकदाही 'माझे' आलेले नाही आणि कोणाला ते चुकल्यासारखेही वाटत नाही. उलट कोणी 'मी माझे हात धुतले' म्हणालाच, तर ऐकणारा क्षणभर थांबेल : म्हणजे इतरांचेही धुवायचे होते की काय? आपल्याकडे 'माझे' येते ते काही वाटणी असेल तेव्हा. 'तुझा डबा ओट्यावरच राहिला, मी माझा घेतला.' वाटणी नसेल तर क्रियापदच कोणाचे काय ते सांगून टाकते.

पाय मोडण्याचेच बघा. इंग्रजी बातमीत खेळाडू 'ब्रोक हिज लेग' असतो. नवशिक्या वाचकाला वाटते, याने स्वतःचा पाय का म्हणून मोडला असेल? मराठीत त्याचा पाय मोडतो. मोडणारा पायच, माणूस त्या वाक्यात फक्त 'त्याचा' एवढ्यापुरता. इंग्रजीने त्या माणसाला कर्ता केले आणि पाय त्याच्या नावावर लावला. दोन्हींत अपघात तोच, प्लॅस्टरही तेच, वाक्याने जबाबदारी मात्र वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली. फ्रेंच माणूस हात धुतो तेव्हा 'माझे हात' म्हणत नाही, 'मला हात धुतो' अशा धाटणीचे काहीतरी म्हणतो. जर्मनही तसेच. म्हणजे युरोपात सगळीकडे ही इंग्रजी रीत आहे असेही नाही.

चिंता वाटते ती उलट्या वाहतुकीची. मराठी मुलाच्या इंग्रजीत 'माय' कमी पडतात ते बाई भरून काढतील. पण अनुवादित कादंबऱ्या, डब केलेल्या मालिका आणि मोबाइलवरच्या सूचना यांमधून इंग्रजीतले जादा 'माय-हिज-हर' मराठीत यायला लागले आहेत, त्यांना लाल शाई कोण लावणार? 'त्याने त्याच्या खिशातून त्याचा मोबाइल काढला आणि त्याच्या आईला फोन लावला.' चार नामे, तीन 'त्याचे', आणि शेवटी फोन नेमका कोणाच्या आईला गेला याची शंका ती शंका. 'खिशातून मोबाइल काढून त्याने आईला फोन लावला' म्हटले की सगळे जागेवर. अनुवाद तपासताना मी आधी असे 'त्याच्या' आणि 'तिच्या' खोडून बघतो. निम्म्याहून अधिक ठिकाणी अर्थाचा केसही वाकडा होत नाही.

शंका राहायची कारण नव्हते, कारण आपल्याकडे 'आपला' आहे. 'रामने शामला आपल्या घरी नेले' म्हणजे रामच्या घरी. 'त्याच्या घरी नेले' म्हणजे शामच्या, किंवा तिसऱ्याच कोणाच्या. इंग्रजीत दोन्हींना 'हिज हाउस'. तिथल्या वकिलांना आणि कथाकारांना हा 'हिज' कोणाचा हे ठरवताना नावाचा पुन्हा उल्लेख करावा लागतो, किंवा 'हिज ओन' असा जोर द्यावा लागतो. इतकी सोय घरात असताना आपण 'त्याच्या त्याच्या' करीत बसतो.

आता नावाबद्दल. स्वामित्वदर्शक. मालकी दाखवणारे. पेन, छत्री, सायकल इथपर्यंत हे नाव चालते. पुढे? फलाटावर उभा असलेला माणूस 'माय ट्रेन इज लेट' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे असते ते एक तिकीट. 'माय बॉस' म्हणणाऱ्याची तर मालकी उलट्या दिशेने वाहत असते. 'हर फोटोग्राफ' म्हणजे तिच्या कपाटात असलेला फोटो, तिने काढलेला फोटो किंवा ती ज्यात दिसते तो फोटो. 'हिज मर्डर' म्हणजे त्याने केलेला खून की त्याचा झालेला, हे पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कळायचे नाही. शाळेत सकाळी म्हटली जाणारी प्रतिज्ञा आठवा. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२मध्ये मुळात तेलुगूत लिहिली. तिच्यातला देश 'माझा' आहे, बांधव 'माझे' आहेत, पालक आणि गुरुजनही 'माझे' आहेत. यांतल्या एकाचीही मालकी कोणाच्या नावावर नाही. देशावरच्या प्रेमाचे वाक्य इंग्रजीत एका 'माय'वर भागते, मराठीत प्रेमसुद्धा 'माझे' असावे लागते.

(इथे 'माझे माझे' या विषयावर प्रवचन सुरू होईल अशी भीती वाटत असेल तर ती सोडा. तो माल दुसरीकडे भरपूर मिळतो.)

आपल्या वैयाकरणांनी या बाबतीत अधिक जपून पावले टाकली होती. पाणिनीने कर्ता, कर्म, करण वगैरे सगळ्यांची व्यवस्था लावली आणि मग जे उरले, त्याला षष्ठी दिली. म्हणजे षष्ठीचा अर्थ मालकी नव्हे, 'बाकीचे सगळे'. पतंजलीने महाभाष्यात षष्ठीचे एकशे एक अर्थ सांगितले आणि लगेच जोडले की जितके असतील तितके. हिशोब मांडायचा आणि त्याच दमात सोडूनही द्यायचा, असा प्रामाणिकपणा व्याकरणाच्या पुस्तकात फार क्वचित आढळतो. मराठी शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात 'चा-ची-चे'च्या समोर आजही 'संबंध' असेच छापलेले असते. तोच मुलगा पुढच्या तासाला इंग्रजीचे पुस्तक उघडतो आणि त्याच 'माझे'ला मालकी म्हणायला शिकतो.

मालकीच सांगायची तर मराठी ती एका पद्धतीने सांगतही नाही. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे शंभर रुपये आहेत. माझ्या अंगात ताप आहे. तिच्या हाताला चव आहे. इंग्रजी या चारांपैकी पहिली तीन एका 'हॅव'मध्ये उरकते आणि चौथ्यापाशी अडते. भाऊ 'माझ्याकडे' असत नाहीत, असलेच तर चार दिवस राहायला आलेले असतात. पैसे 'मला' असत नाहीत, कारण ते जायचेच असतात. हे कोणी शिकवलेले नाही, पण तिसरीतल्या पोरालाही यात चूक करता येत नाही.

सगळ्यात जास्त लाल शाई खर्च होते ती 'हिज' आणि 'हर'वर. 'सीता लव्ज हिज ब्रदर.' 'राम अँड हर सिस्टर.' शहाणी, अभ्यासू मुलेसुद्धा असे लिहितात आणि त्यांना वेंधळी म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या हातून मराठीचा नियम नीट पाळला जात असतो. मराठीत 'तिचा भाऊ' आणि 'त्याची बहीण'. सर्वनामाचे तोंड मालकाकडे आहे, ती की तो. शेपूट वस्तूकडे आहे, चा की ची. मुलाचे लक्ष शेपटीवर असते, कारण बोलताना पदोपदी बदलावी लागते ती शेपूटच : तिचा भाऊ, तिची बहीण, तिचे घर, तिच्या मैत्रिणी. भाऊ पुल्लिंगी म्हणून 'चा', मग इंग्रजीतही भावासाठी 'हिज' आला. इंग्रजीला मात्र शेपूटच नाही. भाऊ असो, बहीण असो, बैल असो, 'हर' तसाच राहतो, कारण तो फक्त मालकिणीकडे पाहतो. हिंदी भाषकाचे काम आणखी अवघड. त्याच्या 'उसका-उसकी'त मालक बाई की पुरुष हे मुळीच कळत नाही. मराठी दोन्ही सांगते. शिकवताना एवढेच सांगितले की 'चा-ची-चे' बोटाने झाका आणि उरलेल्या अक्षरांचा मालक शोधा, तर निम्मी लाल शाई वाचेल.

मराठी आणि इंग्रजी यांचे एक जुने साम्यही इथे दडलेले आहे. 'झाड वाकले, त्याची फांदी मोडली' आणि 'मुलगा पडला, त्याची पाटी फुटली', दोन्हीकडे 'त्याची'. पुल्लिंगाचे आणि नपुंसकलिंगाचे संबंधरूप आपल्याकडे एकच आहे. जुन्या इंग्रजीतही अगदी हेच होते. पुरुषाचेही 'हिज' आणि निर्जीव वस्तूचेही 'हिज'. 'इट्स' हा शब्दच नव्हता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो छापील पुस्तकांत दिसू लागतो; जॉन फ्लोरिओ यांच्या १५९८च्या इटालियन-इंग्रजी कोशात तो आहे. पण लोकांनी लगेच कवेत घेतला असे झाले नाही. १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाखाली बायबलचे जे भाषांतर छापले गेले, त्याच्या मूळ आवृत्तीत 'इट्स' एकदाही येत नाही. मिठाची चव जाण्याबद्दलचे ते प्रसिद्ध वचन आहे ना, त्यात चव मिठा'ची' म्हणताना 'हिज' आहे. एके ठिकाणी नुसते 'इट ओन' असे आहे, ते पुढच्या काळातल्या मुद्रकांनी 'इट्स' करून टाकले. शेक्सपिअरच्या १६२३च्या संग्रहात तो शब्द येतो, पण फारच थोडा. भाषेत रोज लागणारा इतका लहानसा शब्द इतक्या उशिरा आला आणि आल्यावरही दाराबाहेर ताटकळला.

त्या उशिराने एका मुलाचे बिंग फुटायला हातभार लावला. टॉमस चॅटरटन हा ब्रिस्टलचा. वयाच्या सतराव्या वर्षी, १७७०मध्ये, तो लंडनमध्ये मरण पावला. त्याआधी त्याने पंधराव्या शतकातल्या रौली नावाच्या एका साधूच्या म्हणून कितीतरी कविता स्वतः रचून ठेवल्या होत्या. जुन्या चर्मपत्रावर जुनी दिसणारी अक्षरे, जुने शब्द, जुनी वळणे, सगळे त्याने मन लावून जमवले. भल्याभल्यांना त्या खऱ्या वाटल्या. पुढे भाषेच्या अभ्यासकांनी बनावटपणाच्या ज्या खुणा दाखवल्या, त्यांत एक होता 'इट्स'. पंधराव्या शतकातल्या साधूला तो शब्द ठाऊक असणे शक्यच नव्हते. मोठमोठे जुने शब्द कोशात बघून आणता येतात. छोटे शब्द हाताच्या सवयीने पडतात, आणि ती सवय लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या काळाची असते. बनावट बखरी आणि 'सापडलेली' जुनी पत्रे तपासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

'इट्स'मधल्या ॲपॉस्ट्रॉफीवरून आज किती लोक किती लोकांना हिणवतात! नियम साधा आहे : मालकी असेल तर ॲपॉस्ट्रॉफी नको, 'इट इज'चा संक्षेप असेल तर हवा. पण हा नियम दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी स्थिरावला. त्याआधी मालकीच्या 'इट्स'लाही ॲपॉस्ट्रॉफी लावायची पद्धत सर्रास होती, आणि 'इट इज'चा संक्षेप 'टिज' असा करीत. अमेरिकेच्या १७८७च्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, हा ॲपॉस्ट्रॉफीवाला मालकीचा 'इट्स' आहे. आज तो एखाद्या दुकानाच्या पाटीवर दिसला तर त्याचा फोटो काढून हसतात. हसावे, पण जरा बेताने. 'रामा'ज बुक'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी मालकीचा आणि 'इट्स'मध्ये मालकी असूनही तो नाही, ही विसंगती इंग्रजीची स्वतःची आहे. शिकणाऱ्याने तर्क लावला आणि तो तर्क भाषेने मानला नाही, इतकेच.

'माय' आणि 'माइन' या जोडीवर फार वेळ घालवू नये. 'हे माझे पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझे', मराठीला एकच 'माझे' दोन्हीकडे पुरते. इंग्रजीत नाम पुढे असेल तर 'माय', नाम गळले असेल तर 'माइन'. पूर्वी स्वराच्या आधी 'माइन'च म्हणत, त्या 'न'ने पुढच्या नावाला चिकटून मुलांची लाडकी नावे तयार केली : 'माइन एड'चा झाला नेड, 'माइन एलन'ची झाली नेल. शिकणाऱ्याला अडते ते दुसरीकडे. 'माझा एक मित्र' याचे इंग्रजी आपण 'माय वन फ्रेंड' असे बेधडक करतो, आणि ऐकणाऱ्या इंग्रजाला याची कीव येते, बिचाऱ्याला एकच मित्र! वर सांगितलेली ती नामाच्या आधीची जागा म्हणजे एसटीतली एकट्याची सीट. 'माय' बसला की 'ए' किंवा 'धिस' यांना तिथे जागा नाही. म्हणून मग 'ए फ्रेंड ऑफ माइन', 'धिस बुक ऑफ युअर्स' अशी मागून बसवण्याची व्यवस्था. मराठीत 'हे तुझे असले वागणे' म्हणताना तिघे एका बाकावर बसतात आणि कोणाची कुरकुर नसते.

आणि तो 'मॅडम'. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या पहिल्या अक्षरात 'माझी' दडलेली आहे, माझी बाईसाहेब. म्हणजे आपली मुले 'आमच्या मॅडम' म्हणतात तेव्हा संबंध दोनदा सांगून ठेवतात. शिक्षकांची हरकत नसावी.

'अवर'पाशी मात्र इंग्रजी अपुरी पडते. 'अवर हाउस' म्हणणारा ऐकणाऱ्याला घरात धरतो की बाहेर ठेवतो, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत 'आमचे घर' आणि 'आपले घर' यांच्यामध्ये अख्खा उंबरठा आहे. लग्न ठरल्यावर सासू सुनेशी बोलताना 'आमच्याकडे असं नसतं' वरून 'आपल्याकडे असं नसतं' वर कधी येते, हे त्या मुलीला नेमके समजते. 'आमची मुंबई' या शब्दांत जिव्हाळा आहे, यात वाद नाही. पण जो कालच दादरला उतरला आहे त्याला हा 'आमची' किंचित बाहेर उभा करतो, हेही खरे. 'अवर मुंबई' असे भाषांतर केले की हा सगळा मामला हवेत विरून जातो. उलट, एकुलता एक मुलगासुद्धा आपल्याकडे 'आमचे बाबा' म्हणतो, आणि संसारी माणूस 'आमची ही' म्हणतो. इंग्रजीत 'अवर वाइफ' म्हणायची सोय नाही. अर्थात उत्तर इंग्लंडमध्ये सख्ख्या भावाला किंवा बहिणीला 'अवर किड' म्हणतात, अगदी आपल्या 'आमचा धाकटा'च्या चालीवर. लंडनकडच्या पुस्तकी इंग्रजीने तेवढे उचलले नाही, हे तिचे नुकसान.

'देअर' तर मुळात इंग्रजीचा नाहीच, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांकडून आलेला. सर्वनामासारखी घरातली वस्तू कोणी शेजाऱ्याकडून आणत नाही, पण इंग्रजीने आणली. गेली काही वर्षे वाद आहे तो एका माणसासाठी 'देअर' वापरण्याचा. 'एव्हरीवन टुक देअर अम्ब्रेला' यासारखी वाक्ये शेकडो वर्षे लिहिली जात होती, जेन ऑस्टिनही लिहीत असे. मग व्याकरणकारांनी 'एव्हरीवन' एकवचनी म्हणून 'हिज'चा आग्रह धरला. ब्रिटिश संसदेने १८५०मध्ये कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात असे ठरवून टाकले, आणि तोच शिरस्ता आपल्याकडे आला. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमाप्रमाणे 'ही' आणि त्याची रूपे पुरुष किंवा स्त्री, कोणासाठीही. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच वाक्यात पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी असे म्हटले आहे. लोक वाढले, 'ही' तोच राहिला. कायद्याबाहेर मात्र 'देअर'ने बाजी मारली आहे. मेरियम-वेब्स्टर कोशाने २०१९चा शब्द म्हणून 'दे' निवडला.

हे सगळे वाचताना मराठी माणसाला अचंबा वाटू नये. 'सर आले का? त्यांची गाडी दिसतेय.' एकाच माणसासाठी 'त्यांची', आणि त्या 'त्यांची'मध्ये सर की बाई हे कळत नाही. आपण आदरासाठी जे केले, ते इंग्रजी लिंग माहीत नसताना करू पाहते. फरक इतकाच की आपले क्रियापद पुढे चुगली करते, 'आले' की 'आल्या'. म्हणूनच मराठी मुलगा 'अवर सर लॉस्ट देअर पेन' लिहितो तेव्हा त्याला आजच्या आधुनिक चळवळीचा पत्ता नसतो. तो आपल्या सरांना एकेरीत बोलायला धजत नसतो.

शेवटी 'युअर्स' राहिला, तो खरोखर पत्राच्या शेवटीच येतो. ब्रिटिश रीत अशी की सुरुवातीला नुसते 'डिअर सर' असेल तर 'युअर्स फेथफुली', नाव घेतले असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. अमेरिकन लोक उलट, 'सिन्सिअरली युअर्स'. 'बहुत काय लिहिणे, लोभ असावा' लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांनी पत्राच्या शेवटी स्वतःला कोणाचे म्हणून घ्यायची गरज मानली नव्हती, निदान अशा ठरावीक साच्यात तरी नाही. शाळेतून आणि कचेऱ्यांतून इंग्रजी मायना आला तेव्हा 'आपला विश्वासू' आणि 'आपला आज्ञाधारक' हेही आले. आता ईमेलमध्ये 'रिगार्ड्स' एवढ्यावर भागते, कोणी कोणाचे नसते. रजेच्या अर्जात तेवढा 'युअर्स' टिकून आहे, आणि बहुतेक अर्जांत त्याच्या पोटातला नको असलेला ॲपॉस्ट्रॉफीही.